घोडनवऱ्याची जोड

स्थळ

वर्ण गव्हाळ. बांधा आडवा. साल खडबडीत, पण रोज पुसलेली. वय उलटून गेलेलं. स्वभाव तोंडावर गोड, मागाहून कडू. व्यसन नाही. मुक्काम तळघरातल्या मधल्या फळीवर. अपेक्षा काही नाही, कुणीही चालेल, फक्त हो म्हणावं.

हे स्थळ म्हणजे चीजचं एक चाक होतं, आणि त्याचं 'घोडनवरा' हे नाव समोरच्या शिंपीणबाईंनी ठेवलं होतं. शिंपीणबाईंची जीभ त्यांच्या कात्रीला लाजवणारी. पहिला तुकडा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "अगं, हे एकट्याने खायचं प्रकरण नाही. याचं कुणाशी तरी लावून दे आधी. असाच राहिला तर घोडनवरा होईल."

दुकानाच्या सुनेने ते हसण्यावारी नेलं आणि आत जाऊन उगाच एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

कारण दुकानातली बाकी सगळी चीजं सासूबाईंची होती. मऊ पांढरं त्यांचं. मिठाच्या पाण्यात पोसलेलं त्यांचं. निळ्या शिरांचं तर त्या माहेरून शिकून आलेल्या. सून लग्न होऊन आली तेव्हापासून तीच ढवळत, दाबत, उलटत आणि पुसत आली होती. हात तिचा, डोकं सासूबाईंचं. एका वसंतात मात्र तिने पहिल्यांदा स्वतःच्या डोक्याने चीज घातलं. कोवळ्या गवतावर चरलेल्या गाईंचं संध्याकाळचं दूध. तापवताना दुधाला नेहमीपेक्षा जास्त चटका. नेहमीपेक्षा जास्त वजन. आणि मग वाट, नुसती वाट. एक पानगळ गेली, दुसरी आली, तेव्हा कुठे पहिलं चाक कापलं.

जिभेवर पडताच भाजलेल्या अक्रोडासारखं लागायचं. मग लोण्यासारखं. आणि गिळताना घशाच्या तोंडाशी एक कडू कळ यायची, ती जाता जात नसे.

नवऱ्याला विचारावं तर तो म्हणायचा, "छान आहे." पण तो दुधाच्या गाडीवर असायचा आणि त्याला भुकेपुढे सगळंच छान लागायचं. जळलेला पावही छान. त्याच्या मताला काडीची किंमत नव्हती.

अट

"पानगळीच्या चाखण्यात याला जोड मिळाली, तर पुढच्या वसंतात पुन्हा घाल," सासूबाई म्हणाल्या. "नाही मिळाली तर मधली फळी मला मोकळी करून दे. माझं पांढरं तिथे येईल."

"आणि हे?"

"किसून सूपमध्ये घालू. सूप सगळ्यांना पदरात घेतं."

"आणि पुढच्या वसंतात?"

"पुढच्या वसंतात पांढरं."

सासूबाई खाष्ट नव्हत्या. सरळ होत्या, आणि ते कधीकधी जास्त लागतं. त्यांच्या रागात विष नसे, कौतुकात साखर नसे.

चाखणं म्हणजे काय

झाडांची पानं तांबडी व्हायला लागली आणि बाजारात नवी सफरचंदं आली की एका रविवारी दुकानासमोर लांब टेबल पडायचं. प्रत्येक चीजशेजारी एक सफरचंद. गिऱ्हाईकाने एक फोड उचलायची, एक तुकडा उचलायचा, दोन्ही एकदम तोंडात टाकायचे. पसंत पडलं तर वर्षभर तेच मागायला यायचं. सासूबाईंनीच सुरू केलेली रीत, आणि तिचे नियमही त्यांचेच.

नियम सोपे. आंबटाशेजारी मऊ. गोडाशेजारी खारट. आणि दोघांपैकी एकाने दुसऱ्याचं तोंड बंद केलं तर ती जोड नाही, तो सासुरवास.

"हे तुम्ही म्हणता?" असं सून एकदा म्हणाली होती.

"अनुभवाचे बोल आहेत," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सासूबाई तुला बघायला मिळाल्या नाहीत. वाचलीस."

पाहण्याचे कार्यक्रम

लाल, चकचकीत, लवकर येणारं सफरचंद. दिसायला नंबर एक. गोड, रसाळ, बोलघेवडं. घोडनवऱ्याबरोबर तोंडात टाकलं तर सगळा गोडवा पहिल्या दोन चावांत संपला आणि मागे औषधाची गोळी विरघळल्यासारखं राहिलं. नकार, मुलीकडून.

हिरवं, आंबट. आंबट आणि कडू एकत्र आले आणि सुनेचा एक डोळा आपोआप मिटला. नवरा म्हणाला, "छान आहे," पण त्याचाही एक डोळा मिटलेला होता. छत्तीसचा आकडा.

पिवळं, पिठूळ. चांगल्या घरचं, शांत. काही झालंच नाही. ओला कागद चघळल्यासारखं.

बारकं, ठिपक्यांचं, सुगंधी. हे जमेल असं वाटलं. वास इतका गोड की सासूबाईंनीही मान वर केली. पण त्याला त्यांच्या निळ्याने आधीच पसंत करून ठेवलं होतं, आणि घोडनवऱ्यापुढे ते असं बावरलं की चवच गेली.

"सूप," सासूबाई म्हणाल्या.

"अजून एक आहे," सून म्हणाली.

अजून एक

धाकट्या दिराची गावाबाहेर बाग होती. बागेच्या मागे टेकाड, आणि टेकाडावर काही जुनी झाडं, सगळ्यात उशिरा धरणारी. त्या सफरचंदांना बाजारात कुणी विचारत नसे. दिसायला बटाट्याचे भाऊ. गेल्या थंडीत सून काही कामाने बागेत गेली होती, तेव्हा दिराने खिशातून एक काढून तिच्या हातावर ठेवलं होतं. 'खा' इतकंही म्हणाला नव्हता. ते तिने चालता चालता खाल्लं आणि फाटकापाशी थांबली. आंबट, गोड, आणि खाली काहीतरी घट्ट, चहाच्या पानासारखं. तेव्हा घोडनवरा तळघरात निम्मा पिकला होता. तिला त्याच क्षणी त्याची आठवण झाली होती.

आता ती रोज बागेत फोन करू लागली. "भाऊजी, टेकाडावरची कधी?"

"वेळ आहे."

दुसऱ्या दिवशी, "भाऊजी, टेकाडावरची?"

"वेळ आहे, वहिनी."

भाऊजी तार केल्यासारखं बोलायचे. नवरा म्हणायचा, आईने दोघांसाठी मिळून शब्दांचं एकच पोतं भरून ठेवलं होतं, ते थोरल्याने एकट्याने उपसलं.

फोन

शेवटी त्यांचाच फोन आला. सून दुधात हात घालून उभी होती. तिने कोपराने फोन कानाशी दाबला.

"वहिनी, टेकाडावरची सगळी उतरली."

"काय सांगता! सगळी?"

"सगळी. काल."

"एकही राहिलं नाही?"

"एकही नाही. आणू?"

"आता कशाला आणता, भाऊजी? राहू द्या तिथेच."

"तिथेच?"

"मी काय करू त्यांचं?"



"बरं," भाऊजी म्हणाले, आणि फोन ठेवला.

उतरणे, चीजवाल्यांच्या घरात

दूध उतरलं, म्हणजे त्याला वास आला. दुधातून सुटलेली कालची निवळ सकाळी उतरली, ओता मोरीत. पांढरं उन्हात राहिलं, उतरलं, गिऱ्हाईकाला देऊ नका. या घरात दिवसातून दहादा हा शब्द निघायचा आणि दहाही वेळा नाक मुरडूनच. सून तर सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न तोच विचारायची, "काही उतरलं नाही ना?"

म्हणून टेकाडावरची सगळी उतरली, हे ऐकून तिच्या डोळ्यांपुढे सडून तपकिरी झालेला ढीग आला, त्यावर घोंगावणाऱ्या माश्या आल्या. तिने दुधातला हात काढला नाही. दूध जमत आलं होतं, काढून चालणार नव्हतं. ती तशीच उभी राहिली.

"कुणाचा फोन?" सासूबाईंनी पुढून विचारलं.

"भाऊजींचा. टेकाडावरची गेली सगळी."

सासूबाई दारात आल्या. काही बोलतील असं वाटलं. पण त्यांनी फक्त सुनेच्या कपाळावर आलेली बट मागे सारली, कारण तिचे हात गुंतलेले होते, आणि पुन्हा पुढे गेल्या.

मधले आठवडे

सुनेने नासपती लावून पाहिलं. वाळवलेलं अंजीर लावून पाहिलं. एकदा तर काकडीही.

"आता कांदा लाव," शिंपीणबाई म्हणाल्या. "निदान रडायला कारण होईल."

चाखण्याच्या आदल्या दिवशी

मधली फळी मोकळी करायची होती. सुनेने एकेक चाक उतरवून कापडात गुंडाळलं. सूप मात्र नाही, हे तिने ठरवलं होतं. अख्ख्या दुनियेने नाही म्हटलं म्हणून काय पोराला किसणीवर धरायचं? बागेतल्या शेडला दगडी भिंती होत्या, गारवा होता. तिथे राहतील एका कोपऱ्यात. पुढचं पुढे.

नवऱ्याने दुधाची गाडी काढली. वाटेभर तो शीळ घालत होता. मध्येच थांबून म्हणाला, "मी खरंच सांगतो, मला छान लागतं."

"तुम्हाला सगळंच छान लागतं."

"तू सोडून इतरांच्या हातचं नाही लागत."

"परवा शिंपीणबाईंच्या घरी काय केलंत मग? तीनदा वाढून घेतलंत."

"ते सभ्यपणा म्हणून."

ती हसली नाही. पण खिडकीची काच खाली केली आणि बाहेरचं वारं आत घेतलं.

बागेत भाऊजी शिडीवर होते, वाळक्या फांद्या काढत. गाडी दिसली तरी खाली आले नाहीत.

"भाऊजी, शेडमध्ये थोडी जागा मिळेल का? माझी चीजं ठेवायची होती."

"ठेवा की," वरून आवाज आला. "मी नाही हो 'मी काय करू त्यांचं' म्हणणार."

इतकं लांब वाक्य भाऊजींच्या तोंडून निघालेलं तिने लग्नात ऐकलं होतं, त्यानंतर आत्ताच. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने खांदे उडवले.

तिने शेडचं दार ढकललं.

आधी वास आला. सडका नव्हे. थंड, गोड, जरा फुलासारखा, जरा ओल्या लाकडासारखा. मग डोळे अंधाराला सरावले. पेंढ्यावर ओळीने, एकाला एक न लागता, भिंतीपासून भिंतीपर्यंत सफरचंदं ठेवलेली होती. बटाट्याचे भाऊ. हिरवी होती ती आता पिवळसर झाली होती, गालावर विटकरी रंग आला होता.

ती तशीच मागे वळली. "भाऊजी! ही कुठली?"

"टेकाडावरची."

"पण ती तर उतरली होती ना!"

भाऊजी शिडीवरून खाली आले. तिच्याकडे बघत राहिले, लहान मुलाला अक्षर येत नाही तेव्हा बघतात तसे.

"हो, मग? उतरल्याशिवाय इथे कशी येतील, वहिनी? उडत?"

तिने एक सफरचंद उचलून हुंगलं.

"म्हणजे… झाडावरून उतरवली?"

"झाडावरून. दुसरं कशावरून उतरवतात?"

"मला वाटलं, नासली!"

"चांगल्या फळाला नासलं कोण म्हणेल?"

"आमच्याकडे उतरलं म्हणजे नासलं!"

"आमच्याकडे उतरलं म्हणजे पिशव्या भरा, जेवायला बसा."

"तुम्ही एकाच आईचे ना दोघं?" ती नवऱ्यावर घसरली. "तुम्हाला तरी कळायला नको?"

नवरा उलट्या टोपलीवर बसला होता आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, इतका तो हसत होता. "मी… मी दोन्हीकडे राहिलोय," तो कसाबसा म्हणाला, "मला वाटायचं, उतरलं म्हणजे कुठे तरी पोचलं!"

भाऊजींच्या मिशीखालीही काहीतरी हललं. पण ते लगेच गंभीर झाले. "मला वाटलं, तुम्हाला दिसायला चांगली हवीत. ही कुणाला नकोच असतात."

"अहो, रोज फोन कशाला करत होते मग मी?"

"घाई दिसली म्हणून तर म्हटलं, आणू. नाहीतर आणली नसती. त्या दिवशी दगड होती नुसती. तुरट. कापली तर सुरी रुसेल. ही निदान तीन-चार आठवडे पडून राहावी लागतात पेंढ्यात. मी थंडीपर्यंत हात लावत नाही."

सुनेने हिशेब केला नाही, पण कळायचं ते कळलं. त्या दिवशी ती 'आणा' म्हणाली असती, तर दुसऱ्याच दिवशी दगडासारखी फोड घोडनवऱ्याबरोबर सासूबाईंच्या तोंडात गेली असती. आणि सूप.

तिने एका चाकाचं कापड सोडलं.

फोड

भाऊजींच्या खिशातली फांद्या तासायची सुरी. तिने ती पदराला पुसली. भाऊजी म्हणाले, स्वच्छ आहे. ती म्हणाली, तुमचं स्वच्छ आणि माझं स्वच्छही वेगळं असेल, आज मी कशावरच विश्वास ठेवणार नाही.

एक तुकडा. एक फोड. दोन्ही एकदम.

अक्रोड आला. लोणी आलं. सफरचंद कडकन मोडलं, आंबट रस गालांत पसरला, लोणी बाजूला झालं. आता कडू येणार, तिला माहीत होतं, तिने घसा आवळून धरला. कडू आलं. पण त्याच वेळी सफरचंदातलं ते खालचं घट्ट, चहाच्या पानासारखं, ते वर आलं आणि कडूच्या शेजारी बसलं. त्याने कडूला झाकलं नाही. नुसतं शेजारी बसलं. आणि मग दोघं मिळून, सावकाश, भाजलेल्या साखरेकडे गेली.

तिने नवऱ्याला दिलं. तो चावत राहिला. तिने वाट पाहिली.

"बोला की."

"थांब," तो म्हणाला. "अजून चाललंय."

रविवार

टेबलाच्या टोकाला सुनेने चाक ठेवलं आणि शेजारी बटाट्याचे भाऊ. येणारे जाणारे आधी लाल सफरचंदाकडे जात होते, हे साहजिकच होतं. भाऊजी नवा सदरा घालून कोपऱ्यात उभे होते. कुणी विचारलं की म्हणायचे, "खाऊन बघा." तेवढंच, पण नजर अशी की माणसाला खावंच लागे.

पहिल्या शिंपीणबाई आल्या. "हा अजून बसलाय? मी म्हटलं, सूपात गेला असेल."

"तोंड उघडा आणि जीभ आवरा," सून म्हणाली आणि दोन्ही तुकडे त्यांच्या हातावर ठेवले.

शिंपीणबाई चावू लागल्या. एरवी त्या खातानाही बोलत. आता बोलल्या नाहीत. त्यांनी डोळे बारीक केले, सुईत दोरा ओवताना करतात तसे.

"अगं बाई," अखेर त्या म्हणाल्या. "हा तर माणसात आला!"

मग त्यांनी रस्त्यावरच्या दोघींना हाक मारली. त्यांनी आणखी कुणाला. टेबलाचं ते टोक गजबजलं. कुणाला आवडलं, कुणी नाक मुरडलं. एक आजोबा म्हणाले, कडू ते कडूच, आणि लाल सफरचंदाकडे गेले. थोड्या वेळाने परत आले आणि काही न बोलता हात पुढे केला.

सासूबाई दुकानाच्या पायरीवर बसून हे पाहत होत्या. गर्दी ओसरली तशी सून त्यांच्याकडे ताटली घेऊन गेली.

त्यांनी आधी नुसती फोड खाल्ली. मग नुसतं चीज. मग दोन्ही. सून समोर उभी. लग्नाआधी पहिल्यांदा या पायरीपाशी उभी राहिली होती, तेव्हाही तिने त्यांच्या तोंडाकडे इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

"कडू आहे."

"आहे."

"लपलं नाहीये."

"नाही लपलं."

"मी असते तर लपवलं असतं." सासूबाईंनी सालीचा कडक तुकडा बोटांनी बाजूला काढला, थोडा विचार केला आणि तोही तोंडात टाकला. "माझ्या पांढऱ्याला कुणाचीही जोड चालते. लाल, हिरवं, पिवळं. आजवर मला तो त्याचा मोठा गुण वाटायचा."

"गुणच आहे तो, आई."

"गप. मी अजून खातेय."

खाऊन झाल्यावर त्यांनी हात झटकले. "घाल वसंतात. पण यापेक्षा थोडं मीठ कमी. आणि संध्याकाळच्या दुधात सकाळचं जरा मिसळ, ऐक माझं."

"मिसळणार नाही," सून म्हणाली. "मीठ कमी करते."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या.

"पण मधली फळी तर तुम्हाला हवी आहे."

"हवीच आहे." सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. "खालच्या फळीला वाकवत नाही आता मला. वरच्या फळीला स्टूल लागतं. मधली तेवढी हाताला येते. सांगायचं कशाला, म्हातारी झाली म्हणाल."

इतके दिवस तिला वाटत होतं की तिचं चीज सासूबाईंच्या डोळ्यांत खुपतंय. खुपत होता तो गुडघा.

"आधी नाही का सांगायचं!"

"तू तरी धाकट्याला कुठे सांगितलंस, ती सफरचंदं कशाला हवीत ते?" म्हणजे नवऱ्याने सगळं घरभर केलं होतंच.

तळघर, दुपारी

समोरची भिंत रिकामी होती. आजवर तिच्यापाशी मोकळी पातेली आणि एक मोडकी खुर्ची असायची. नवऱ्याने ती हलवली. नव्या फळीसाठी भाऊजींनी कानामागची पेन्सिल काढली. बागेत जुन्या खोडांच्या फळ्या पडून आहेत, वाळलेल्या, वास न येणाऱ्या, असं ते चक्क दोन वाक्यांत म्हणाले.

"उंची?" त्यांनी विचारलं.

सासूबाई पायऱ्या उतरून आल्या. भिंतीपाशी उभ्या राहिल्या, कोपर न उचलता हात पुढे केला. "इथे. माझ्या हाताला आली पाहिजे. तिच्या चीजला कुणीतरी उलटायला हवं ना, ती बाहेर गिऱ्हाईकांशी बोलत बसल्यावर."

भाऊजींनी तिथे खूण केली.

"लांबी?"

सगळे सुनेकडे बघू लागले. ती कोपऱ्यातून निघाली. दिव्याखालून पुढे गेली, पाण्याच्या नळीला ओलांडून गेली. नवरा फीत धरून मागे मागे, फीत संपत आली तशी वाकत.

"एवढी?" तो म्हणाला.

ती दारापाशी थांबली, भिंतीवर तळहात टेकवला. भिंत गार होती, चीजला हवी तशी.

"एवढी," ती म्हणाली. "खूण करा, भाऊजी."